दूध-मासे, केळं-ताक, कलिंगड-पाणी: पोट नेमकं कशाने बिघडतं?

कलिंगडावर पाणी पिऊ नको. शेंगदाण्यांवर तर अजिबातच नको. दूध पिऊन मासे खाल्लेस तर अंगावर कोड उठेल. फणसाचे गरे खाल्लेत ना, मग आता विडा नको. रात्री दही नको, केळ्यावर ताक नको, मध आणि तूप समसमान झालं तर ते विषच. मराठी घरात वाढलेल्या माणसाने यातल्या निम्म्या गोष्टी तरी आजीच्या किंवा शेजारच्या काकूंच्या तोंडून ऐकलेल्या असतातच. अलीकडे त्यात व्हॉट्सअ‍ॅपची भर पडली आहे. कोळंबीवर लिंबू पिळलं की आर्सेनिक तयार होतं, डाळ आणि भात एकत्र पचतच नाहीत, जेवणानंतर खाल्लेलं फळ पोटात सडतं, वगैरे.

याच घरांत भाजी कमी पडली की पोळीबरोबर शिक्रण होते. केळं आणि दूध, वर साखर आणि वेलची. लग्नाच्या पंगतीत फ्रूट सॅलड असतं, सणाला आम्रखंड येतं, पुण्यातला उन्हाळा मँगो मस्तानीशिवाय सरत नाही. सत्यनारायणाच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर एकाच वाटीत असतात. तीर्थ म्हणून आपण ते हातावर घेतो आणि कुणाला काही होत नाही.

मनाई कुठली पाळायची आणि कुठली सोडायची, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा आहे. या समजुतींमुळे दोन प्रकारचं नुकसान होतं. एक म्हणजे, अंगी लागणारं अन्न माणसं धास्तीने सोडून देतात. आणि दुसरं त्याहून वाईट: दोष जोडीवर ढकलला जातो आणि पोट बिघडवणारं खरं कारण तसंच राहून जातं.

यादी आली कुठून

मूळ शोधत गेलं की आपण आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथापाशी, चरकसंहितेपाशी येऊन थांबतो. सूत्रस्थानाचा 26 वा अध्याय. चैत्ररथ नावाच्या वनात ऋषी जमले आहेत, रसांवर चर्चा रंगली आहे आणि पुढे विषय विरुद्ध आहारावर, म्हणजे शरीराला बाधणाऱ्या खाण्यावर येतो. त्यांचे आचार्य आत्रेय सांगतात की मासे दुधाबरोबर खाऊ नयेत. दोन्ही मधुर खरे, पण दूध शीतवीर्य म्हणजे थंड गुणाचं आणि मासा उष्णवीर्य म्हणजे उष्ण गुणाचा, त्यामुळे रक्त दूषित होतं आणि शरीरातले मार्ग अडतात. त्यावर जमलेल्यांपैकी भद्रकाप्य हरकत घेतो. चिलिचिम नावाचा मासा तेवढा वगळा, बाकीचे दुधाबरोबर चालतात, असं त्याचं म्हणणं. आत्रेय ते मान्य करत नाहीत. कुठलाच मासा नको, चिलिचिम तर मुळीच नको, असा त्यांचा निर्वाळा. दूध-माशांबद्दल वाद होता तो असा थेट ग्रंथातच नोंदलेला आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे दुधाबरोबर न खाण्याच्या पदार्थांची लांबलचक यादी येते. सगळी आंबट फळं, फणस, केळं, शिवाय कुळीथ, मटकी, उडीद, पावटे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात केळं आणि ताक या जोडीला मनाई आहे. रात्री दही नको, हेही चरकाचंच. आपल्या आज्यांनी ही वचनं वाचली नव्हती, पण पिढ्यान्पिढ्या ती स्वयंपाकघरात झिरपत आली.

त्याच अध्यायात पुढे जे आहे ते मात्र झिरपलं नाही. अन्न कोणकोणत्या तऱ्हेने विरुद्ध ठरतं, याचे 18 प्रकार चरकाने दिले आहेत. त्यातला 'संयोग', म्हणजे दोन पदार्थांची जोडी, हा फक्त एक. उरलेल्या 17 मध्ये देश आणि काळ आहेत, ज्याची त्याची पचनशक्ती म्हणजे अग्नी आहे, प्रमाण म्हणजे मात्रा आहे, सवय म्हणजे सात्म्य आहे. क्रम आहे: पोट साफ झालेलं नसताना, भूक नसताना जेवणं. पाक आहे: कच्चा राहिलेला किंवा करपलेला भात. संपद् आहे: रस न भरलेलं, रस उतरून गेलेलं किंवा बिघडलेलं अन्न. मनाला न रुचणारं अन्नसुद्धा या यादीत आहे. वर पुन्हा एक सवलत. ज्याला सवय आहे, जो थोडंच खातो, ज्याचा अग्नी प्रखर आहे, जो तरुण आहे, व्यायाम करतो, त्याला विरुद्ध अन्न बाधत नाही.

अठरांतलं एक आपण उचललं आणि सतरा सोडून दिली. आजच्या वैद्यकशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर पोट बिघडण्याची बहुतेक कारणं त्या सोडून दिलेल्या सतरांत सापडतात: किती खाल्लं, कसं शिजवलं, ताजं होतं का, आणि खाणाऱ्याचं आतडं कसं आहे. शीतवीर्य-उष्णवीर्य ही आयुर्वेदाची स्वतःची मांडणी आहे आणि प्रयोगशाळेत तिची मोजणी होत नाही. पण 'दुधावर मासे खाल्ल्याने कोड येतं' असं ठाम विधान कुणी केलं की ते तपासता येतं, आणि तपासायलाच हवं.

पोटात गेल्यावर काय होतं

घास चावतानाच लाळेतलं अ‍ॅमिलेज हे विकर, म्हणजे अन्न तोडणारं द्रव्य, पिष्टमय पदार्थांवर कामाला लागतं. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त) साधारण 1.5 ते 3.5, म्हणजे लिंबाच्या रसाइतकं किंवा त्याहूनही जास्त आंबट. तिथे पेप्सिन प्रथिनं तोडायला घेतं. जठर अन्न घुसळून त्याची पेज करतं आणि थोडी थोडी लहान आतड्यात सोडतं. तिथे स्वादुपिंडाचा रस येतो. त्यातल्या बायकार्बोनेटने आम्ल निवतं, आणि त्याच रसात पिष्ट पचवणारं, प्रथिनं पचवणारं आणि स्निग्ध पदार्थ पचवणारं अशी सगळी विकरं एकाच वेळी असतात. यकृतातून पित्तरस येतो, तो चरबीचे बारीक थेंब करतो.

एवढं कळलं की 'प्रथिनं आणि पिष्ट एकत्र पचत नाहीत' या म्हणण्याचा पायाच उरत नाही. ही कल्पना आपल्याकडची नाहीच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम हे या अमेरिकन डॉक्टरने ती पसरवली. पिष्टमय पदार्थ एका जेवणात आणि प्रथिनं दुसऱ्या जेवणात, असा त्याचा आहार होता. तीच कल्पना आता नव्या वेष्टनात आपल्या मोबाइलवर येते. पण निसर्गात प्रथिनं आणि पिष्ट वेगळी कुठे आहेत? शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात आणि कर्बोदकं त्याच्या दुपटीहून जास्त. आईच्या दुधात साखर, प्रथिनं आणि स्निग्धांश तिन्ही एकत्र असतात आणि तान्हं बाळ त्यावरच वाढतं. 2000 साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी लठ्ठ रुग्णांचे दोन गट करून सहा आठवडे पाहिलं. एका गटाला वेगवेगळं खायला दिलं, दुसऱ्याला एकत्र, उष्मांक मात्र सारखेच. दोन्ही गटांचं वजन सारखंच उतरलं. वरण-भात तर एकत्रच खावा. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळ पुरवते. डाळीत मेथिओनिन कमी असतं, ते तांदूळ भरून काढतो.

जेवणानंतरचं फळ सडतं, हेही खरं नाही. इतक्या तीव्र आम्लात जंतूंना बस्तान बसवणं अवघड जातं. फळ जठरात थोडं रेंगाळतं इतकंच. आंबण्याची क्रिया होते ती मोठ्या आतड्यात. तिथे ती रोजच होते, आणि तिथल्या जंतूंना ते अन्न मिळणं आतड्याच्या हिताचंच असतं.

दूध आणि आंबट फळ या जोडीची भीती डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीतून आली असावी. दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं, मग पोटातही तसंच होत असणार. होतंच. पीएच 4.6 च्या आसपास गेला की दुधातलं केसिन हे प्रथिन गोठतं, आणि जठरात पीएच त्याच्या बराच खाली असतो. म्हणजे प्यालेलं प्रत्येक दूध पोटात फाटतंच, त्याबरोबर काही खा किंवा न खा. ते तसं घट्ट होतं म्हणून जठरात थोडं जास्त वेळ थांबतं आणि नीट पचतं. पिकलेलं केळं तर इतकं सौम्य असतं की वाटीतल्या दुधालाही ते लगेच फाडत नाही. शिक्रण खाऊन जडावल्यासारखं वाटलं तर साखर किती घातली होती आणि किती वाट्या पोटात गेल्या, ते आधी आठवावं.

कलिंगडावरच्या पाण्याबद्दल एवढंच की कलिंगडात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्यावर आणखी पेलाभर पाणी गेल्याने पटकी होत नाही. धोका आहे तो कापून ठेवलेल्या फोडींचा. कलिंगड फारसं आंबट नसतं, म्हणून उन्हात उघड्यावर ठेवलेल्या फोडींवर जंतू झपाट्याने वाढतात. सुरी, हात, वरून मारलेलं पाणी, माशा, सगळीकडून ते येतात. अख्खं कलिंगड घरी आणून, साल धुऊन, कापून लगेच खाल्लं तर त्यावर खुशाल पाणी प्यावं. शेंगदाण्यांवर पाणी पिऊन खोकला येतो तो बहुधा घशात अडकलेल्या कणांनी आणि टरफलांनी. फणसावर विडा खाऊन माणूस दगावतो, याला काहीच आधार नाही. गरे पोटभर खाल्ले तर ते एकटेच पोट फुगवायला पुरेसे आहेत.

दूध, मासे आणि कोड

इथे जरा थांबायला हवं, कारण इथे माणसांच्या आयुष्यांचा प्रश्न आहे.

कोड म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट या पेशी नष्ट होणं. बहुतेक रुग्णांत आपलीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटते. यामागे काही अंशी आनुवंशिकता असते. स्पर्शाने तो पसरत नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. चरकाच्या यादीत विरुद्ध आहाराने होणाऱ्या रोगांमध्ये 'किलास' हा त्वचेवर डाग उठवणारा आजार येतो, तिथून हे नातं जोडलं गेलं असावं. पण बंगालमध्ये दह्यातला मासा, दोई माछ, पाहुण्यांना कौतुकाने वाढतात. नॉर्वेत दुधा-सायीतलं माशाचं सूप रोजच्या खाण्यातलं आहे. मासे आणि दूध एकत्र आल्याने कोड येत असतं तर या मुलखांत ते घरोघरी दिसलं असतं. तसं काही नाही. जगभर कोडाचं प्रमाण साधारण अर्धा ते दोन टक्क्यांच्या दरम्यान आहे.

एखाद्या मुलीच्या हातावर पांढरा डाग दिसला की आधी विचारतात, 'हिला माशांवर दूध दिलं होतंस का?' म्हणजे आजार मुलीला आणि ठपका आईवर. पुढे लग्न जमवताना तोच डाग लपवायचा. वर्षं अशी लपवण्यात जातात. मलमं आणि अतिनील किरणांचे उपचार लवकर सुरू केले तर अनेकांच्या डागांत पुन्हा रंग भरतो, हे त्या घरात कुणी सांगतच नाही. या एका समजुतीविरुद्ध बोलायला मी कधीच मागेपुढे पाहणार नाही.

माशांनी अंगावर काहीच उठत नाही, असं मात्र नाही. बांगडा, तारली, कुपा, सुरमई अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पकडल्यावर बर्फात नीट ठेवला नाही, टोपलीत दोन-चार तास उन्हात राहिला, की जंतू त्या हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात. अ‍ॅलर्जीच्या वेळी आपलं शरीर जे रसायन सोडतं तेच हे. असा बांगडा खाल्ला की काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, अंगावर खाजऱ्या गांधी उठतात, डोकं ठणकतं, छाती धडधडते, कधी जुलाब होतात. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून, आगळ घालून कशानेही जात नाही.

आता घरातला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. दुपारी बांगड्याचं तिखलं, नंतर वाटीभर शेवयांची खीर, आणि तासाभरात पोराच्या अंगावर गांधी. घरातलं प्रत्येक माणूस खिरीकडे बोट दाखवणार. खीर कायमची बंद होते. बांगडा मात्र पुढच्या वेळीही त्याच टोपलीतून येतो, आणि पुन्हा अंगावर उठलं तर म्हणायचं, याला मासेच सोसत नाहीत. खरं तर पाहायचं होतं ते इतकंच: कल्ले लालभडक आहेत का, डोळे टपोरे नि स्वच्छ आहेत का, बोटाने दाबलेलं मांस वर येतं का, आणि विकणाऱ्याकडे बर्फ आहे का. चरकाच्या शब्दांत हा संयोगाचा दोष नव्हे, संपदेचा.

कोळंबी-लिंबाच्या निरोपाबद्दलही इथेच सांगते. समुद्री जीवांत आर्सेनिक असतं, पण ते बहुतांशी सेंद्रिय रूपात असतं, शरीर ते तसंच बाहेर टाकतं, आणि लिंबाच्या रसाने त्याचं विष होत नाही. निवांत लिंबू पिळा.

कावळा आणि फांदी

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. पोटाच्या बाबतीत ही गाठ पडण्याला एक ठोस कारण आहे. जंतू पोटात गेल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत बराच वेळ जातो, आणि हा वेळ जंतूगणिक वेगळा असतो. स्टॅफिलोकॉकसचं विष अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत लक्षणं दाखवतं. नोरोव्हायरसला 12 ते 48 तास लागतात. साल्मोनेला सहा तासांत पकडतो, नाहीतर पाच-सहा दिवसही घेतो. रविवारी रात्री उलट्या झाल्या तर आपल्याला रविवार दुपारची मस्तानी आठवते. शुक्रवारी मंगल कार्यालयात पानात वाढलेली कोशिंबीर आठवत नाही.

वर आपला मेंदूही त्यात भर घालतो. मळमळ सुरू होण्याआधी जी चव जिभेवर होती तिची शिसारी बसते, एकाच प्रसंगात बसते आणि वर्षानुवर्षं टिकते. 1950 च्या दशकात जॉन गार्सिया या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर हे दाखवून दिलं. जिवंत राहण्यासाठी ही सोय चांगली आहे, पण ती जंतू कुठून आला ते शोधत नाही. सर्वांत वेगळी चव कुठली होती ते ती लक्षात ठेवते.

म्हणून ज्या पदार्थावर कुणाचाच संशय जात नाही तो सुटतो. शिळा भात घ्या. तांदळात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजवताना ते मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. ते उष्णतेला दाद देत नाही. सकाळी कांदा, मिरची, कढीपत्ता घालून खमंग फोडणीचा भात केला तरी विष तसंच राहतं, आणि तासा-दोन तासांत उलट्या सुरू होतात. बरोबर दही घेतलं असेल तर नाव दह्याचं होतं. उपाय सोपा आहे. उरलेला भात पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा. एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभराच्या आतच.

उपासाच्या भगरीचीही हीच गत. 'भगरीवर दाण्याच्या आमटीने पित्त झालं' असं म्हणून आपण मोकळे होतो. 2024 च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात हरिनाम सप्ताह चालू होता. एकादशीचा प्रसाद भगर आणि आमटीचा. शेकडो लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. रुग्णालयात जागा पुरेना म्हणून झाडांना दोऱ्या बांधून, त्यांना सलाइनच्या बाटल्या टांगून रस्त्याकडेला उपचार करावे लागले. ती छायाचित्रं तेव्हा सगळ्यांनी पाहिली. नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या सुमारास अन्न व औषध प्रशासन दरवेळी बजावतं की दमट हवेत साठवलेल्या भगरीवर अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढते आणि ती विषारी द्रव्यं तयार करते. सुटी भगर आणि आयतं पीठ घेऊ नये, पाकिटावरची तारीख पाहावी, भगर निवडून धुऊन वाळवून घरीच दळावी. यात शेंगदाण्याचा दोष कुठेच नाही.

जोडी कधी खरंच बाधते

काही जोड्या मात्र काही माणसांना खरंच त्रास देतात. त्यामागचं कारण समजलं की आपण त्यांतले आहोत का, हे ठरवता येतं.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर बाळपणी सगळ्यांकडे भरपूर असतं आणि मोठेपणी जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांत कमी होतं. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेलं की जंतू त्यावर ताव मारतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं, पोट गुरगुरतं आणि जुलाब होतात. अशा बहुतेकांना एका वेळी कपभर दूध सोसतं. आंब्याचंही तसंच. त्यात फ्रुक्टोज जास्त असतं आणि ते शोषून घेण्याची आतड्याची क्षमता माणसागणिक बदलते. आता कपभर दूध एकटं सोसतं, दोन फोडी आंबा एकटा सोसतो, पण मोठ्या ग्लासातल्या मँगो मिल्कशेकमध्ये दोन्ही भरपूर एकत्र आले की ओझं वाढतं. इथे दूध आणि आंबा यांचं एकमेकांशी काही वैर नाही. दोघांचं ओझं एकाच आतड्यावर, एकाच वेळी पडलं, एवढंच.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 पासून याची पद्धतशीर मांडणी केली. आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या अशा साखरांच्या गटाला त्यांनी फॉडमॅप हे नाव दिलं. कांदा-लसणातले फ्रुक्टन, राजमा-छोले-पावट्यातल्या रॅफिनोजसारख्या साखरा, दुधातलं लॅक्टोज, आंबा-कलिंगड-सफरचंदातलं जादा फ्रुक्टोज. रॅफिनोज पचवणारं विकर तर माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. ज्यांचं आतडं मुळातच हळवं असतं, ज्याला इरिटेबल बॉवेल म्हणतात, त्यांना हे सगळं एकाच जेवणात आलं की कळा येतात. कांदा-लसणाची ग्रेव्ही घातलेला राजमा, वर ग्लासभर लस्सी, शेवटी फ्रूट सॅलड, असं ते जेवण. बाकीच्यांना थोडा वायू होतो आणि विषय संपतो.

आपल्या स्वयंपाकघरात यावर उपाय आहेतच. मटकी-चवळी रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिलं की रॅफिनोजचा बराच भाग त्याबरोबर जातो. मोड आणले की आणखी घटतो. दुधाचं दही झालं की काही लॅक्टोज जंतूच संपवतात. तेच दही बांधून चक्का केला की निथळलेल्या पाण्याबरोबर आणखी बरंच निघून जातं. दूध न सोसणारा माणूस वाटीभर श्रीखंड बिनघोर खातो तो म्हणून. श्रीखंड-पुरीवर जे जड वाटतं त्याला तळणी आणि साखर कारण असते. स्निग्ध पदार्थांनी जठर रिकामं व्हायला उशीर लागतो, आणि वर लगेच आडवं झालं की आंबट घशाशी येतं. रात्रीच्या दह्याचंही मला असंच वाटतं. घड्याळाने काही बिघडत नाही. नऊला जेवून सव्वानऊला झोपल्याने बिघडतं.

मध आणि तुपाबद्दल वाद घालण्यात ज्यांचा वेळ जातो त्यांना एकच विनंती आहे. तान्ह्या बाळाला मध चाटवू नका. तुपाबरोबर नको, सोनं उगाळून नको, समसमान नको आणि विषमही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाचं आतडं त्यांना रुजू देत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळात ते रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. बाळाला शी होत नाही, रडणं क्षीण होतं, दूध ओढताना ते दमतं, मान टाकतं. जन्मल्या जन्मल्या मधाचं बोट लावण्याची रीत अजून कितीतरी घरांत आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि वर्ष उलटेपर्यंत मध नाही.

ज्या जोड्यांबद्दल कुणी बोलत नाही

जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा. चहातले टॅनिन वनस्पतीजन्य लोहाला बांधून टाकतात आणि त्याचं शोषण निम्म्याहून अधिक घटल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्या देशात कलिंगडावरच्या पाण्यापेक्षा पोह्यांवरच्या चहाची चर्चा घरोघरी व्हायला हवी. पोह्यांवर लिंबू पिळतो ते उत्तमच, कारण क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. पण त्याच ताटलीशेजारी चहाचा कप असला तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं. मध्ये तासाभराचं अंतर ठेवावं. गरोदर बाईची लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर देऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर द्यावी.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या त्यापासून चार तास लांब. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं दुधाबरोबर घेतली तर दुधातलं कॅल्शियम त्यांना धरून ठेवतं आणि औषधाचा परिणाम कमी होतो. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू असेल तर पालेभाज्या बंद करायच्या नसतात, पण रोज साधारण सारख्या प्रमाणात खायच्या असतात. एका आठवड्यात रोज पालक आणि दुसऱ्यात अजिबात नाही, असं केलं की रक्त गोठण्याचं प्रमाण वर-खाली होतं. औषध घेताना 'हे कशाबरोबर घेऊ नको?' हा प्रश्न डॉक्टरांना आणि औषधवाल्याला आवर्जून विचारावा.

एखादी जोडी आपल्याला बाधते असा संशय असेल तर वहीत लिहून पाहावं: काय खाल्लं, किती, ताजं की शिळं, किती वाजता, आणि त्रास कधी झाला. मग जोडीतला एकेक पदार्थ वेगवेगळ्या दिवशी, नेहमीच्याच प्रमाणात खाऊन पाहावा. दोन्ही एकेकटे सोसले आणि एकत्र तेवढ्याच प्रमाणात तीनदा बाधले, तर ती जोडी तुमच्यासाठी खुशाल सोडा. खाल्ल्यावर ओठ किंवा घसा सुजला, श्वास लागला तर प्रयोग करत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावं. शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, गिळताना अडकणं, चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यांपैकी काहीही असेल तर ते विरुद्ध आहाराच्या खात्यावर न टाकता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं.